खांडीचं शेत

परंदवडी,
ता. ६ मे २०२५

चि. कैलास यास,

आक्काचे अनेक आशीर्वाद. सविताला आणि पिंकीलाही सांग. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुझ्या दाजींचा गुडघा पावसाच्या आधी दुखतो, तो यंदा आत्ताच कुरकुरायला लागलाय. मी म्हटलं, मे महिना आहे, थोडं थांबा, तर म्हणाले, गुडघ्याला कॅलेंडर कुठं वाचता येतंय. अंगणवाडीच्या नोकरीतून सुटल्यापासून मला दिवसभर त्यांच्या गुडघ्याचंच ऐकावं लागतं, एवढंच काय ते दुखणं.

तुझा मेसेज मिळाला. उंबरशेतच्या आपल्या शाळेला पन्नास वर्षं होतायत, स्मरणिका निघतेय, तू समितीचा अध्यक्ष झालास, हे वाचून बरं वाटलं. 'आपल्या गावातील नैसर्गिक आपत्तींचा इतिहास' असा लेख तू लिहिणार आहेस आणि जुनं सगळं मला आठवतं म्हणून मला विचारतोयस, याचा तर आनंदच आहे. खोटं कशाला बोलू, आनंदापेक्षा आश्चर्य जास्त झालं. वर्षभरात तू मला आपण होऊन विचारलेली ही पहिली गोष्ट. मी फोन केला की तू "आक्का, रेंज नाही" म्हणून ठेवून देतोस, आणि तुमच्या डोक्यावर तर टॉवर उभा आहे. म्हणून कागदावर लिहिते आहे. कागदाला रेंज लागत नाही.

तर ऐक. सगळ्यात जुनी गोष्ट आबांच्या जन्माच्याही आधीची. तेव्हा उंबरशेत आत्ता आहे तिथे नव्हतं. ते वर, कड्याच्या पायाशी होतं. करवंदीच्या जाळीत अजून जोत्यांचे दगड सापडतात ना, तिथे. एका श्रावणात कडा भिजून भिजून सुटला आणि दरड अर्ध्या गावावर येऊन बसली. उरलेली माणसं खाली सरकली. आपल्या पणजोबांनी, भिकाजींनी, खाली आल्यावर पहिलं काम घराचं केलं नाही, पाण्याचं केलं. डोंगरातलं पाणी आपल्या वरच्या शेतातून उतरतं, तिथे त्यांनी दगडमातीचा बांध घातला आणि बांधाच्या मधोमध पाण्याला जायला वाट ठेवली. तीच खांड. भात कापून झालं की ती माती-दगडांनी बुजवायची, म्हणजे शेतात ओल राहते आणि वाल-हरभरा होतो. मृग लागला की फोडायची, म्हणजे डोंगराचं पाणी सरळ ओढ्याला मिळतं. आपलं घर आणि खालची ठाकरवाडी, दोन्ही कोरडी राहतात. तुला हे माहीत आहे, पण स्मरणिका वाचणारे निम्मे लोक आता बंगल्यांतले असणार, त्यांच्यासाठी लिहिलं.

खांड फोडायचा मान घरच्या लेकीचा, हेही लिही. मुलाचा नाही आणि सुनेचा तर नाहीच नाही. आधी आत्या सासरहून यायच्या, त्यांच्यानंतर मी. मृगाच्या दिवशी गूळ-हिंग तोंडात टाकायचा, बांधाला हळदकुंकू वाहायचं, पहिली कुदळ मी मारायची, मग आबा फावड्यानं वाट मोकळी करायचे. आई माझी ओटी भरायची आणि दर वर्षी तेच बोलायची, "लेक घर सोडून जाती, पर मागं घर उभं ठिवून जाती. पाण्यानं बी तसंच जावं, बाई." तू लहान होतास तेव्हा कुदळीसाठी लोळण घ्यायचास. "आक्कालाच का? मला का न्हाई?" आबा तुला खांद्यावर बसवून गप्प करायचे. आठवतं का?

आई आपल्या घरात आली ते पानशेत फुटलं त्या सालात. हळदीच्या अंगानं तिनं तो पाऊस पाहिला. ती सांगायची की महिनाभर चुलीतला धूर घराबाहेर गेला नाही आणि तिची लग्नातली साडी भाताच्या लोंब्या वाळल्यानंतरच वाळली. त्या सालातही खांडीतून पाणी गेलं.

मग बहात्तरचा दुष्काळ. आपल्या मावळात दुष्काळ म्हटलं की घाटावरचे लोक हसतात, पण त्या साली खांड फोडली आणि तिच्यातून जायला पाणीच आलं नाही. आई पोटुशी असताना खडी फोडायला जायची. तू त्याच सालातला. तुला सगळंच जरा जास्त लागतं, त्याचं खापर मी नेहमी त्या दुष्काळावर फोडते, म्हणजे तुझ्यावर फोडावं लागत नाही.

दोन हजार पाचचा जुलै तुला माझ्यापेक्षा चांगला आठवत असेल, तू तिथे होतास. घाटात दरडी, रस्ते बंद, लाईट नाही. ठाकरवाडीतली सगळी माणसं आपल्या पडवीत येऊन राहिली होती. शिदू आणि त्याची भागूबाई तेव्हा तरणी होती, त्यांचा किरण तिच्या पाठीशी बांधलेला. भागूबाईनं आपल्या चुलीचा ताबाच घेतला, सविता नवी नवरी, ती बिचारी बाजूला बसून होती. खांडीतून पाणी असं जात होतं की पडवीत बोललेलं ऐकू येईना. पण गेलं. वाडीतलं एक शेरडूसुद्धा दगावलं नाही.

वीस सालच्या निसर्ग वादळाच्या वेळी इकडे आमच्या शेजारच्या पॉलीहाउसचं प्लास्टिक उडून चिंचेवर बसलं आणि आतले गुलाब उघडे पडले. तिकडे शाळेचे पत्रे गेले. आबा ऐंशीच्या पुढचे, तरी छपरावर दगड ठेवायला चढले. तूच मला फोन करून ओरडलास की आक्का, यांना सांग. मी सांगितलं तर म्हणाले, "वारा मला वळखतो." उतरले तेव्हा धोतर फाटलेलं आणि हसत होते.

गारा पडल्या ती सालं, वीज पडून अंबाजीची बैलजोडी गेली ते साल, हे सगळं वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडलं आहे.

गेल्या सालचं तुला माहीत आहे. ते मी लिहीत नाही.

सविताच्या कमरेला आराम आहे का? तिला म्हणावं, ओझी उचलू नको. आणि एक विचारायचं होतं. मृग जवळ आला. यंदा खांडीचं काय?

तुझी,
आक्का

---

परंदवडी,
ता. २३ मे २०२५

कैलास,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी भांडते.

तुझा लेख छापायला जायच्या आधी पिंकीनं मला मोबाइलवर पाठवला. तिच्यावर डोळे वटारू नकोस, मीच मागितला. लेख छान आहे. पानशेत आहे, दुष्काळ आहे, अंबाजीचे बैलसुद्धा आहेत. फक्त खांड नाही. पिंकी म्हणाली, पप्पा म्हणाले जागा नव्हती आणि लोकांना अंधश्रद्धा वाटेल. जागा नव्हती? तुझ्या होऊ घातलेल्या बंगल्याच्या जाहिरातीला, त्या निळ्या तलावाच्या चित्राला, अख्खं पान आहे.

आणि शेवटी आबांचा फोटो. खाली 'जलप्रलयाचे बळी कै. दत्तोबा'. त्याच्या खाली तुझं वाक्य, 'निसर्गापुढे मानव हतबल आहे.'

हतबल? हा शब्द कुठून आणलास रे? दरडीखाली अर्धं गाव गेलं आणि उरलेल्यांनी खाली येऊन बांध घातला, ते हतबल होते? आई पोटात तुला घेऊन खडी फोडत होती, ती हतबल? वादळात छपरावर चढणाऱ्या म्हाताऱ्याच्या फोटोखाली तू हे लिहितोस?

गेल्या सालचं लिहीत नाही म्हटलं होतं. आता लिहिते. तू नाही लिहिलंस म्हणून.

सुरुवात पावसापासून झाली नाही. वडगावच्या कचेरीपासून झाली. आबांनी हयातीतच सातबाऱ्यावर आपल्या दोघांची नावं चढवली होती, आणि तू मला हक्कसोडीवर सही करायला गाडीत घालून नेलंस. बहिणीला साडी नेसवायची, मटणाचं जेवण घालायचं आणि जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही घ्यायची, ही आपल्याकडे रीतच झाली आहे. मीही अडून बसणारी नव्हते. बाकी सगळ्या शेतांवर करते म्हटलं. फक्त खांडीच्या शेतावर करत नाही, कारण तिथे तुला बंगला आणि तलाव करायचा होता. तू पेनाला टोपण लावलंस आणि खिशात ठेवलंस. साडी मी परत पाठवली. ब्लाउजपीस तेवढा शिवायला गेला होता, तो राहिला. त्याची माफी मागते, बाकी कशाची मागत नाही.

पुढच्या मृगाला बोलावणं आलं नाही. तरी मी आले. नारळ घेतला, हळदकुंकू घेतलं, एसटीनं आले. वरच्या शेताला नवं लोखंडी फाटक आणि फाटकाला कुलूप. फोन केला तर म्हणालास, "आक्का, आता खांड लागत नाही. काँक्रीट करून टाकलंय, आत पाइप सोडलाय. इंजिनिअर साहेबांनी सगळा हिशोब केलाय." मी विश्वास ठेवला. भाऊ सांगतोय म्हटल्यावर कोण ठेवणार नाही? नारळ मारुतीपुढे फोडला आणि परत आले. सविता खिडकीत उभी होती. हात करावा की नाही, हे तिला कळत नव्हतं.

मग जुलै. तू सांगतोस, आबा बांधावर पाय घसरून पाण्यात पडले. गावही तेच सांगतं. मला खरं कळलं ते तेराव्याला, मोरीवर भांडी घासताना. सविता घासत होती, मी विसळत होते. तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, "आक्का, मी कुदळ घिऊन हुबी हुते."

तुझा पाइप पाल्यानं गच्च झाला होता. पाणी बांधाला लागून वर चढत होतं. काँक्रीटच्या कडेची माती मऊ होऊन सुटायला लागली होती. ती म्हणाली, चार घाव घातले असते तर तिथनं वाट झाली असती, पाणी हळूहळू ओढ्याला गेलं असतं. ती कुदळ घेऊन गेलीसुद्धा. घरात तू नव्हतास, पिंकी नव्हती. पण आबांनी अडवलं. "सुनंनं हात लावायचा न्हाई. आक्काला फोन लाव." तिनं लावला. तू बोलावू नको म्हणून बजावलं होतंस, तरी लावला. त्या दिवशी खरंच रेंज नव्हती.

ती तशीच उभी राहिली. हातात कुदळ, डोळ्यांसमोर पाणी, आणि सून आहे म्हणून हात उचलेना. शेवटी आबांनीच कुदळ ओढून घेतली. म्हणाले, "आण हिकडं. आक्काच्या नावानं मीच फोडतो."

माझ्या नावानं, कैलास.

खांड होती तिथेच त्यांनी घाव घातले, ते काँक्रीटवर बसले. तोवर बांध बाजूनंच फुटला आणि त्यांना घेऊन गेला. शिदूला ते खाली ओढ्याकाठच्या करवंदीत सापडले. त्याच पाण्यानं शिदूच्या घराची मागची भिंत नेली आणि भागूबाईच्या शेळ्या नेल्या. तू ते काँक्रीट नंतर काढलं असशील असं मला वाटत होतं. पिंकीनं परवा फोटो पाठवला. तू फुटलेल्या बाजूलाही काँक्रीट भरलंस. आणि पाइप तोच.

मला राग आहे. तुझ्यावर आहे, हे तुला कळलंच असेल. पण आबांवरही आहे. गेलेल्या बापावर राग धरू नये म्हणतात, मी धरते. घरात धडधाकट सून कुदळ घेऊन उभी असताना त्यांनी रीत सांभाळली आणि स्वतः गेले. ती रीत मीही मिरवली, मानानं ओटी घेतली. त्या मानापायी सविता आजही मोरीवर मान खाली घालून बसते. तिला यावरून एक शब्द बोललास तर मी तिथे येऊन बोलेन, आणि माझा आवाज तुला माहीत आहे.

पाऊस काय, तो आपल्याकडे येणारच. मावळात राहायचं आणि पावसाची तक्रार करायची, हे आपल्या घरात कुणी केलं नाही. त्याला वाट द्यायची आणि आपण बाजूला राहायचं, एवढंच आपल्या हातात होतं आणि तेवढ्यावर चार पिढ्या निभावल्या. ती वाट तू बुजवलीस आणि आता निसर्गाच्या नावानं पावती फाडतोस.

तर आता नीट वाच. यंदा पाऊस मे महिन्यातच उतरला आहे. तुझ्या दाजींचा गुडघा खरा निघाला. मृग लांब आहे, पण पावसानं पंचांग पाहिलं नाही तर मी कशाला पाहू? येत्या मंगळवारी मी येते. खांड फोडायला येते. किरण आता हायवेच्या कामावर काँक्रीट फोडायचं मशिन चालवतो, त्याला मी सांगितलं आहे. त्या शेतावर सही केली नाही, म्हणजे सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. माझ्या शेतातली माझी खांड मी फोडणार. पोलिसांना बोलवायचं तर बोलव, चहा मी करीन. कुलूप लावायचं तर लाव, किरणच्या मशिनला लोखंडही चालतं.

आशीर्वाद द्यायचा राहिला. तो तुझा आहे, त्याला मी कुलूप घातलेलं नाही.

आक्का

---

परंदवडी,
ता. २९ जून २०२५

चि. कैलास यास,

अनेक आशीर्वाद. या वेळी आधीच देते, म्हणजे विसरायला नको.

सविताच्या हाती पाठवलेला फणस मिळाला. गरे गोड आहेत. दाजींनी जेवढे खायला नको होते तेवढे खाल्ले.

त्या मंगळवारी तू घरी नव्हतास. टाइल्स बघायला पुण्याला गेलास, असं पिंकी म्हणाली. आदल्या रात्रीपासून पाऊस धो धो पडत असताना टाइल्स बघायला जाणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकला. मी भांडणाच्या तयारीनं आले होते. एसटीत उत्तरं पाठ करत होते. फाटकापाशी आले तर कुलूप होतं, तेच मोठं. किरणनं मशिन टेकवलं, एवढ्यात सविता आतून आली आणि म्हणाली, "थांबा आक्का, किल्ली हाये." पडवीतल्या खिळ्याला टांगली होती. आबा घराच्या किल्ल्या टांगायचे त्याच खिळ्याला.

तू ती किल्ली कायम खिशात ठेवतोस, हे मला माहीत आहे. तू काही विसरत नाहीस, हेही माहीत आहे. याला भित्रेपणा म्हणावं की होकार, ते मी अजून ठरवलेलं नाही. तेव्हा मी फक्त आत आले.

तू पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. शिदू आला होता, भागूबाई आली होती, वाडीतल्या आणखी दोघी-तिघी डोक्यावर इरली घेऊन आल्या होत्या. किरणनं मशिन सुरू केलं तेव्हा पिंकीनं कानांत बोटं घातली आणि भागूबाईनं देवाचं नाव घेतलं. काँक्रीट चांगलं होतं, तुझं काम पक्कं असतं, हे कबूल करायला हवं. दुपार कलली तेव्हा ते फुटून बाजूला झालं. पाइप बाहेर काढला तर आत गेल्या सालचा पाला, काळा पडलेला, घट्ट. शिदूनं तो काठीनं ढोसून पाहिला. त्यानंतर पुढचा मातीचा भाग राहिला होता. तो कुदळीनंच फोडायचा.

मी हळदकुंकू वाहिलं. कुदळ हातात घेतली. आबांचीच, तिला शिदूनं नवा दांडा बसवलाय. आणि ती सविताच्या पुढे धरली.

ती मागे सरली. "नगा आक्का. मी सून हाये. तुमचा मान हाये."

"मान माझा आहे ना? मग मी तुला देते."

"आबा न्हाई म्हणले हुते."

"आबांचं आबांपाशी. घे."

ती घेईना. रडायला लागली, तोंडावर पाऊस आणि डोळ्यांचं पाणी एकच झालं. लेकीनं का फोडायची, सुनेनं का नाही, याची उत्तरं मी एसटीत पाठ केली नव्हती. तेव्हा भागूबाई पुढे आली. तिच्या शेळ्या त्या पाण्यात गेलेल्या, तिला बोलायचा हक्क होता. म्हणाली, "अगं सविता, पाण्याला काय कळतंय सून कोन अन् लेक कोन? आमी खाली निजतो, आमाला वाट पायजे. हाण की!"

आणि सवितानं हाणली, कैलास. तिच्या कमरेचं दुखणं कुठे गेलं कोण जाणे. एक घाव घातला, मग थांबली नाही. माती उडत होती, साडी चिखलानं भरली होती, तोंडानं ती काहीतरी बोलत होती. आधी वाटलं देवीचं म्हणतेय. जवळ गेले तर म्हणत होती, "आबा, बघा. आबा, बघा." वाट पडली आणि बांधाला तुंबलेलं पाणी तिच्या पायांतून निघालं तेव्हा शिदूनं तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. मग मी घातला एक घाव, पिंकीनं एक घातला. पिंकीला नीट कुदळ धरता येत नाही, तेवढं शिकव.

ओटी मी सविताची भरली. सुनेची ओटी नणंदेनं खांडीवर भरली, असं आपल्या घराण्यात कधी झालेलं नाही. आता झालं.

मग परवाचा पाऊस. टीव्हीवर लोणावळा दाखवत होते, रस्त्यावरून पाणी, गाड्या उलट फिरवतायत. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तिन्हीसांजेला सविताचा फोन आला, रेंज होती. म्हणाली, "आक्का, ऐका." आणि फोन बाहेर धरला. तो आवाज मी ओळखते. दोन हजार पाच साली पडवीत बोलणं ऐकू येत नव्हतं, तोच. आम्ही दोघींनी तो ऐकला. मग मी विचारलं, वाडी? म्हणाली, कोरडी. घर? कोरडं. कैलास कुठे आहे, विचारलं. म्हणाली, "ह्ये खांडीवर हुबं हायेत. लांब बांबू घिऊन. पाला अडकंल म्हणून सारत्यात. सकाळधरनं जेवाया बी आलं न्हाईत."

फोन ठेवला आणि मी रडले. दाजी घाबरले. मी म्हटलं, काही नाही, माझा भाऊ जेवला नाही.

आता तुझ्या लेखाचं. स्मरणिका अजून छापायला गेलेली नाही, हे मी विचारून घेतलं आहे. शेवटचं वाक्य काढ. त्या जागी हे लिही: 'सन २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस उतरला. जूनमध्ये डोंगराचं मोठं पाणी आलं. उंबरशेतात काही झालं नाही.' आपत्तीच्या इतिहासात काही न झालेलं साल कुणी लिहीत नाही. तू लिही. आणि का झालं नाही, तेही लिही, सविताचं नाव घालून. जागा कमी पडली तर तलावाचं चित्र काढ. तसाही तो तलाव आता होत नाही.

आबांच्या फोटोखालचं 'बळी' काढ. ते कुणाचे बळी नव्हते. 'खांड फोडताना गेले' एवढंच लिही. वाचणाऱ्यांनी विचारलं की कशानं गेले, तर तू सांग. तुलाच सांगायचं आहे, मी सांगणार नाही. वर्षश्राद्धाला गाव जेवायला येईल तेव्हा सांगितलंस तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन. शिदूच्या मागच्या भिंतीचं काम त्याच्या आधी व्हायला हवं. मशिन किरणचं, दगड आपले, हात तुझे.

सही मिळणार नाही. खांडीच्या शेतावर माझं नाव राहील. पिंकीचं लग्न ठरेल तेव्हा तिलाही वडगावला नेऊ नकोस. तिच्यानंतर जी कुणी येईल तिला कुदळ धरायला जमीन लागेल.

पुढच्या मृगाला मी येते, बोलावलंस तरी आणि नाही बोलावलंस तरी. पहिला घाव सविताचा. मग माझा आणि पिंकीचा. त्यानंतरची कुदळ तू घे. लहानपणी लोळण घ्यायचास ना त्यासाठी? आता तुला कुणी खांद्यावर बसवून गप्प करणार नाही.

जेवत जा वेळेवर.

आबांची लेक,
सविताची नणंद,
आणि अजून तरी तुझीच
आक्का